ब्लूटूथ ड्रायव्हरमधले हार्डवेअर एरर आणि रेस कंडिशन: सावरणारा कोड कसा लिहावा

लिनक्समधल्या ब्लूटूथ ड्रायव्हरच्या क्रॅशचे रिपोर्ट चाळले की एक गोष्ट वारंवार दिसते. चिप अडकली हे फक्त निमित्त असतं. कर्नल पडतो तो तिला सावरायला निघालेल्या कोडमध्ये. टाइमआउट झाला म्हणून एक जण रीसेट करायला जातो, तेवढ्यात वापरणारा डाँगल उपटतो, त्याच वेळी रांगेत पडून असलेलं एखादं वर्क जागं होतं आणि केव्हाच मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावतो. नेहमीचा रस्ता दिवसाला लाखो वेळा तुडवला जातो, त्यामुळे तो आपोआप घासूनपुसून नीट होतो. सावरण्याचा रस्ता मात्र क्वचितच चालतो, आणि चालतो तेव्हा सगळ्या बाजूंनी गर्दी असते. अशा गर्दीत कामांचा क्रम उलटसुलट होऊन घडणारी चूक म्हणजे रेस कंडिशन.

हा लेख ज्यांना कर्नल मॉड्यूल, वर्कक्यू आणि स्पिनलॉक माहीत आहेत त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः यूएसबीच्या बीटीयूएसबी ड्रायव्हरमधली आणि यूएआरटीवर (सीरियल जोडणीवर) चालणाऱ्या ड्रायव्हरमधली आहेत.

१. आधी बिघाड कुठल्या जातीचा ते ठरवा

सगळ्या बिघाडांवर "रीसेट" हे एकच औषध देणारा ड्रायव्हर स्वतःच नवे बिघाड तयार करतो. म्हणून लॉग उघडून आधी जात ओळखा.

पहिल्या प्रकारात कंट्रोलर, म्हणजे ब्लूटूथ चिप, स्वतः तक्रार करतो. एचसीआयमध्ये, म्हणजे कर्नल आणि चिप यांच्यातल्या बोलण्याच्या पद्धतीत, त्यासाठी हार्डवेअर एरर इव्हेंट आहे. त्याचा कोड हेक्स १०, आणि आत फक्त एक बाइट. एच४ (यूएआरटीवरून एचसीआय पॅकेटं पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्या यूएआरटीवर तो ०४ १० ०१ आणि मग एरर कोड असा चार बाइटांत दिसतो. त्या शेवटच्या बाइटचा अर्थ चिप बनवणारा ठरवतो, तेव्हा एका कंपनीच्या चिपचा तक्ता दुसऱ्या कंपनीच्या चिपला लावू नका. कोड ०० दिसला तर जरा थांबा: तो बहुधा चिपने पाठवलेलाच नाही. एचसीआय_रीसेट_डेव्ह() हे फंक्शन असाच तीन बाइटांचा बनावट इव्हेंट तयार करून आत येणाऱ्या रांगेत टाकतं, आणि त्यातला कोड ०० असतो. बीटीमॉन या एचसीआय वाहतूक दाखवणाऱ्या साधनात तो खऱ्यासारखाच दिसतो.

दुसऱ्या प्रकारात कंट्रोलर गप्प बसतो. कमांड पाठवल्यावर २ सेकंदांत उत्तर आलं नाही तर कर्नल ऑपकोडसह (कमांडच्या क्रमांकासह) "टीएक्स टाइमआउट" अशी ओळ छापतो. हा ऑपकोड नक्की वाचा. एखाद्या चिपविशिष्ट कमांडला उत्तर नसेल तर दोष कदाचित फर्मवेअरच्या एका कोपऱ्यात असेल. पण हेक्स ०सी०३, म्हणजे खुद्द एचसीआय रीसेटच उत्तराविना पडून असेल, तर आणखी एचसीआय कमांड पाठवण्यात काही अर्थ नाही. तिथे जीपीआयओची पिन (चिपला थेट रीसेट करणारी तार), वीज बंद-चालू किंवा यूएसबी रीसेट हेच उपाय उरतात.

तिसरा प्रकार फसवा आहे. कंट्रोलर उत्तरं देतो, पण नवीन कमांड घेत नाही. प्रत्येक कमांड कम्प्लीट आणि कमांड स्टेटस इव्हेंटमध्ये "आता किती कमांड पाठवू शकता" असा आकडा येतो. तो शून्यावरच अडकला की बाहेर जाणारी रांग थिजते. कर्नलमध्ये यासाठी ४ सेकंदांचा वेगळा टायमर आहे आणि तो वाजला की कर्नल स्वतःच वरचा बनावट हार्डवेअर एरर टाकतो. इथे ड्रायव्हरने आपला वेगळा पहारेकरी बसवू नये.

चौथा प्रकार वाहतुकीचा. यूएआरटीवर "फ्रेम रीअसेंब्ली फेल्ड (-८४)" ही ओळ अनेकांच्या ओळखीची असेल. एच४ पॅकेटला ना सुरुवातीची खूण, ना चेकसम. पहिला बाइट पॅकेटचा प्रकार सांगतो: ०१ कमांड, ०२ एसीएल (साधा डेटा), ०३ एससीओ (आवाज), ०४ इव्हेंट, ०५ आयएसओ (ठरावीक वेळेने जाणारा डेटा). मध्ये एक बाइट गळाला की डेटामधलाच कुठलातरी बाइट "प्रकार" म्हणून वाचला जातो आणि पुढचं सगळं घसरतं. कारण बहुतेक वेळा बॉड रेट बदलण्याच्या क्षणात किंवा बंद राहिलेल्या आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोलमध्ये सापडतं. पार्सरमध्ये क्लृप्त्या करत बसण्याआधी ते तपासा.

यूएसबीवर यूआरबीचा (एका देवाणघेवाणीच्या विनंतीचा) स्टेटस बघा. -२ आणि -१०४ म्हणजे यूआरबी आपणच रद्द केला. ही चूक नाही, लॉगही नको. -१०८ आणि -१९ म्हणजे उपकरण गेलं. पुन्हा सबमिट करू नका. -३२ म्हणजे एंडपॉइंट अडला. यूएसबी_क्लिअर_हॉल्ट() लागतं, पण ते झोपू शकतं, म्हणून कम्प्लीशनमधून नव्हे, वर्कमधून बोलवा. -७१ ने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. केबल सैल असली तरी ते येतं आणि डाँगल उपटताना डिस्कनेक्ट कळण्याच्या क्षणभर आधीही येतं. एका -७१ वर पूर्ण रीसेट सुरू करणारा ड्रायव्हर दर वेळी डाँगल काढताना स्वतःशीच शर्यत लावतो.

२. कोण कुठे चालतं त्याचा नकाशा काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. कागद घ्या आणि तुमच्या ड्रायव्हरच्या प्रत्येक फंक्शनसमोर लिहा: हे कुठल्या संदर्भात चालतं, झोपू शकतं का, आत शिरताना कुठलं लॉक घेतलेलं असतं.

कोअरच्या, म्हणजे कर्नलच्या सामायिक ब्लूटूथ कोडच्या, बाजूला प्रत्येक एचसीआय_डेव्हकडे (एका ब्लूटूथ उपकरणाच्या ऑब्जेक्टकडे; थोडक्यात एचडेव्ह) दोन वर्कक्यू असतात. दोन्ही ऑर्डर्ड, म्हणजे एका वेळी एकच काम. पहिल्या क्यूवर येणारी पॅकेटं, जाणारी पॅकेटं, कमांड आणि हल्लीच्या कर्नलमध्ये कमांडचा टाइमआउटही चालतो. दुसरी क्यू विनंत्यांची: पॉवर ऑन, एकामागोमाग चालणाऱ्या सिंक कमांड आणि हार्डवेअर एररनंतरचं एरर_रीसेट. त्याशिवाय यूआरबीचं कम्प्लीशन इंटरप्टच्या संदर्भात येतं, डिस्कनेक्ट यूएसबी हबच्या थ्रेडवर येतं, सस्पेंड-रिझ्यूम पॉवर मॅनेजमेंटकडून, आणि ओपन-क्लोज वापरणाऱ्याच्या प्रोसेसकडूनही येऊ शकतं. तुमचे स्वतःचे टायमर आणि जीपीआयओ इंटरप्ट वेगळेच.

दोन क्यू का, ते समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. हार्डवेअर एरर इव्हेंट आरएक्स वर्कमध्ये, म्हणजे येणारी पॅकेटं वाचणाऱ्या कामात, वाचला जातो. सावरायचं तर उपकरण बंद करून उघडायला हवं. पण बंद करताना कोअर आरएक्स वर्क फ्लश करतो, म्हणजे ते संपायची वाट पाहतो. आरएक्स वर्कमधूनच क्लोज बोलावलं असतं तर ते स्वतःच्याच संपण्याची वाट पाहत कायमचं अडकलं असतं. म्हणून इव्हेंट हँडलर फक्त कोड नोंदवतो, एरर_रीसेट दुसऱ्या क्यूवर टाकतो आणि निघून जातो.

यातून तुमच्यासाठी तीन गोष्टी निघतात. कमांड टाइमआउटच्या कॉलबॅकमध्ये सिंक कमांड पाठवून उत्तराची वाट पाहू नका. उत्तर वाचणारं वर्क त्याच क्यूवर तुमच्या मागे उभं आहे. सेटअप कॉलबॅक रिक्वेस्ट लॉक घेऊनच बोलावला जातो, तेव्हा त्यात एचसीआय_सीएमडी_सिंक() नव्हे, दोन अंडरस्कोअरने सुरू होणारं रूप वापरा. साधं रूप तेच लॉक पुन्हा मागतं. आणि यूआरबी कम्प्लीशनमध्ये मेमरी मागताना जीएफपी_ॲटॉमिक (न झोपणारी मागणी), म्यूटेक्स अजिबात नाही.

नकाशा कागदावरच ठेवू नका. फंक्शनच्या सुरुवातीला माइट_स्लीप() आणि लॉकडेप_असर्ट_हेल्ड() लिहा. कमेंट जुनी होते, असर्ट ओरडतं.

३. हार्डवेअर एररच्या कॉलबॅकमध्ये काय करावं

एरर_रीसेट वर्क तीन गोष्टी करतं: ड्रायव्हरने एचडब्ल्यू_एरर कॉलबॅक दिला असेल तर तो बोलावतं, नसेल तर कोड छापतं, मग उपकरण बंद करतं, आणि बंद करणं जमलं तर पुन्हा उघडतं. म्हणजे सर्वसाधारण रीसेट कोअर करतोच. तुमचा कॉलबॅक असतो तो पुरावा गोळा करण्यासाठी, कारण क्लोज-ओपननंतर चिपच्या आतली स्थिती पुसली जाते.

इंटेलच्या ड्रायव्हरमधला कॉलबॅक यासाठी वाचण्यासारखा आहे. तो आधी एचसीआय रीसेट पाठवतो, मग हेक्स एफसी२२ ही कंपनीची खास कमांड पाठवून अपवादाची माहिती मागवतो, आणि उत्तराची लांबी नेमकी १३ बाइट आहे का ते तपासूनच छापतो. लांबीची ती तपासणी लक्षात ठेवा. नुकतीच कोसळलेली चिप काय पाठवेल याचा भरवसा नसतो. "उत्तर आलं म्हणजे बरोबरच असेल" असं धरून चालणारा कोड हीच नवी चूक. हा कॉलबॅक दुसऱ्या क्यूवर चालतो, त्यामुळे इथे सिंक कमांडची वाट पाहणं चालतं. पण टाइमआउट द्याच, आणि प्रत्येक पायरी अपयशी ठरू शकते असं धरूनच लिहा.

क्वालकॉमच्या यूएआरटी ड्रायव्हरमध्ये हाच कॉलबॅक मेमरी डंप गोळा होण्याची वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्याला ८ सेकंदांची मर्यादा आहे. मर्यादेशिवाय वाट पाहिली तर तुमचं एरर_रीसेट कधी संपणार नाही, ते संपेपर्यंत अनरजिस्टर अडून राहील, आणि मॉड्यूल काढायला गेलेला माणूस बसून राहील.

आता इथली खरी रेस. सीव्हीई-२०२४-२६८०१ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक) हे याच एरर_रीसेटमधलं प्रकरण. हार्डवेअर एरर हाताळताना चिप उत्तर देईना, म्हणून जीपीआयओ रीसेट झाला. त्याने उपकरण यूएसबीवरून गायब झालं, डिस्कनेक्ट आलं, एचसीआय_डेव्ह मोकळं झालं. आणि एरर_रीसेट अजून तेच एचसीआय_डेव्ह हातात धरून पुढच्या ओळी चालवत होतं. उपाय दोन ओळींचा: सुरुवातीला एचसीआय_डेव्ह_होल्ड(), शेवटी एचसीआय_डेव्ह_पुट(). तुमच्या ड्रायव्हरमधलं जे वर्क मध्येच थांबू शकतं आणि नंतर एचडेव्हला हात लावतं, त्याला हाच प्रश्न विचारा: हा पॉइंटर जिवंत ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

पण होल्ड घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तो संदर्भ एचसीआय_डेव्हला वाचवतो, तुमच्या खासगी डेटाला नाही. तो डेटा डेव्हएम पद्धतीने (ड्रायव्हर सुटताना आपोआप मोकळी होणारी मेमरी) घेतला असेल तर रिमूव्ह परतल्यावर लगेच जातो, मग एचडेव्हवर कितीही संदर्भ असोत. दोघांचं आयुष्य एकत्र बांधायचं असेल तर एचसीआय_अलॉक_डेव्ह_प्रिव्ह() वापरून खासगी जागा एचडेव्हच्याच पोटात ठेवा.

४. रीसेटला एकच दार ठेवा

टाइमआउट, हार्डवेअर एरर, सस्पेंडहून परत येताना आलेलं अपयश, वापरणाऱ्याने केलेलं बंद-चालू: चौघेही एकाच वेळी रीसेट मागू शकतात. प्रत्येकाला स्वतःचं फंक्शन दिलं तर दोन रीसेट एकमेकांत शिरतात, आणि जीपीआयओची पिन एकाने खाली ओढलेली असताना दुसरा वर करतो.

सगळ्या मागण्या एकाच फंक्शनमधून जाऊ द्या, आणि दारावर ॲटॉमिक बिट ठेवा:

```
जर (टेस्ट_अँड_सेट_बिट(रीसेट_चालू, &डेटा->फ्लॅग्ज)) {
        बीटी_डेव्ह_एर(एचडेव्ह, "रीसेट आधीच चालू आहे");
        रिटर्न;
}
```

आधी टेस्ट_बिट() आणि मग सेट_बिट() असं दोन ओळींत लिहिलं तर दोघेही "मोकळं आहे" असं वाचून आत शिरतील. बीटीयूएसबीमध्ये नेमका असा बिट आहे, आणि तो आधीच लागलेला आढळला तर ड्रायव्हर "मागचा रीसेट फसला का?" अशा अर्थाची ओळ छापून दुसऱ्यांदा रीसेट नाकारतो.

बिट कधी उतरवायचा, यावर मात्र नीट विचार करा. यूएसबीवर रीसेटनंतर उपकरण नव्याने प्रोब होतं, नवा डेटा मिळतो, बिट आपोआपच शून्य असतो. यूएआरटीवर तेच ऑब्जेक्ट पुढे चालतं. तिथे बिट रीसेट सुरू केल्यावर नव्हे, सेटअप यशस्वी झाल्यावर उतरवा. नाहीतर फर्मवेअर लोड होत असतानाच दुसरा टाइमआउट दार उघडं पाहून आत येईल. लागोपाठ फसलेल्या रीसेटची मोजणीही ठेवा आणि काही प्रयत्नांनंतर उपकरण बंद सोडून द्या. मेलेल्या चिपला दर दोन सेकंदांनी हलवणारा ड्रायव्हर बॅटरी खातो आणि लॉगमधली मूळ चूक वाहून नेतो.

किती टाइमआउटवर रीसेट करायचं? बीटीयूएसबीमध्ये एके काळी पाच टाइमआउट मोजूनच जीपीआयओ हलवला जाई. मी आकड्यापेक्षा ऑपकोडकडे बघून ठरवेन: रीसेट कमांडच अडली असेल तर पहिल्यालाच, बाकी वेळी एकदोन संधी देऊन.

यूएसबीवर आणखी एक सापळा आहे. बीटीयूएसबीने प्री_रीसेट आणि पोस्ट_रीसेट दिलेले नाहीत, त्यामुळे यूएसबी रीसेट म्हणजे ड्रायव्हर सुटणं आणि पुन्हा बांधला जाणं. सुटताना डिस्कनेक्ट, त्यातून अनरजिस्टर, त्यातून चालू वर्क संपण्याची वाट. ते चालू वर्क म्हणजे रीसेट मागणारे तुम्हीच असाल तर विषयच संपला. म्हणून तिथे यूएसबी_रीसेट_डिव्हाइस() थेट बोलावत नाहीत. यूएसबी_क्यू_रीसेट_डिव्हाइस() बोलावून परततात आणि रीसेट दुसऱ्या थ्रेडवर होऊ देतात.

५. तपासणी आणि कृती एकाच लॉकखाली

बहुतेक रेस शेवटी एकाच साच्यात बसतात: एकाने स्थिती पाहिली, पाहण्याच्या आणि वागण्याच्या मधल्या फटीत दुसऱ्याने ती बदलली. बीटीयूएसबीचं सस्पेंड ही फट कशी बुजवतं ते जवळून बघा.

दोन बाजू आहेत. पाठवणाऱ्याला विचारायचं असतं, "सस्पेंड चालू आहे का?" सस्पेंड करणाऱ्याला विचारायचं असतं, "कुठला यूआरबी वाटेत आहे का?" दोघांमध्ये टीएक्सलॉक नावाचा स्पिनलॉक आहे. पाठवणारा लॉक घेऊन सस्पेंडिंगचा बिट वाचतो आणि बिट नसेल तर त्याच लॉकखाली वाटेतल्या यूआरबीचा आकडा एकने वाढवतो. लॉक सोडल्यावरच खरं सबमिट होतं. सस्पेंड करणारा तेच लॉक घेऊन तो आकडा वाचतो. स्वयंचलित सस्पेंड असेल आणि आकडा शून्य नसेल तर व्यस्त असल्याचा एरर देऊन माघार घेतो, नाहीतर त्याच लॉकखाली बिट लावतो.

सबमिट लॉकच्या बाहेर आहे, तरी रेस नाही. कारण "मी निघालोय" ही नोंद आत झालेली आहे. लॉक यूआरबीसाठी नसून नोंदीसाठी आहे. सस्पेंड सुरू असताना आलेला यूआरबी फेकून देत नाहीत. तो थांबलेल्यांच्या वेगळ्या अँकरला (यूआरबीच्या यादीला) लावतात आणि उपकरण जागं करणारं वर्क टाकतात. तुमच्या ड्रायव्हरमध्ये "बंद होतोय" असा फ्लॅग असेल, तर तो वाचणारा आणि त्यानुसार वागणारा यांच्यामध्ये अशी नोंद आहे का ते बघा. नुसता ॲटॉमिक फ्लॅग पुरत नाही. ॲटॉमिक वाचन फक्त त्या क्षणाचं खरं सांगतं.

यूएसबीची आणखी एक रेस लॉकने सुटत नाही. इव्हेंट इंटरप्ट एंडपॉइंटवरून येतात आणि एसीएल डेटा बल्कवरून. त्यामुळे "जोडणी झाली" हा इव्हेंट पोचण्याआधीच त्या जोडणीवरचा डेटा हाती पडू शकतो, आणि कोअर अनोळखी हँडल म्हणून तो टाकून देतो. बीटीयूएसबीमध्ये यासाठी एसीएल पॅकेटं थोडा वेळ रांगेत धरून ठेवण्याची सोय आहे. जोडणी पहिल्या फटक्यात फसते आणि दुसऱ्यांदा जमते अशी तक्रार आली तर बीटीमॉनमध्ये या दोन पॅकेटांचा क्रम आधी बघा.

६. एसकेबी कोणाचा?

हे थोडक्यात. एसकेबी म्हणजे एक पॅकेट धरणारा कर्नलचा बफर. सेंड कॉलबॅक यशस्वी परतला तर एसकेबी तुमचा; मोकळा करणं तुमच्याकडे. एरर परतवला तर कोअर तो मोकळा करतो. म्हणून चुकीच्या रस्त्यावर स्वतः केफ्री_एसकेबी() करून वर एरर परतवला की दोनदा मोकळं झालंच समजा. उलट दिशेला, एचसीआय_रिसीव्ह_फ्रेम() ला दिलेला एसकेबी गेला. ते फंक्शन एरर देत परतलं तरी त्याला पुन्हा हात लावू नका. उपकरण चालू नसेल आणि सुरूही होत नसेल तर ते फंक्शन एसकेबी मोकळा करून एरर देतं. क्लोजनंतर उशिरा आलेल्या पॅकेटांचं हेच होतं, तेव्हा त्यावर लॉगमध्ये आरडाओरडा नको.

७. यूएआरटीवर टीटीवाय केव्हाही बंद होऊ शकतं

लाइन डिसिप्लिनच्या, म्हणजे टीटीवायवर (सीरियल पोर्टवर) बसणाऱ्या थराच्या, रस्त्याने आलेल्या ड्रायव्हरमध्ये टीटीवाय बंद होणं आणि बाइट येणं एकाच वेळी घडू शकतं. तिथे प्रति-सीपीयू रीड-राइट सेमाफोर वापरला आहे: डेटा घेणारे वाचक, बंद करणारा एकटा लेखक. लेखक आत शिरून "प्रोटोकॉल तयार" हा बिट उतरवतो. त्यानंतर कुणालाही प्रोटोकॉलच्या डेटाला हात लावता येत नाही.

पाठवण्याच्या बाजूचं जागं करणारं फंक्शन मात्र इंटरप्टमधून येऊ शकतं, त्याला झोपता येत नाही. म्हणून ते लॉक मिळतं का एवढंच बघतं आणि नाही मिळालं तर टीटीवाय बंद होतंय असं समजून गुपचूप परततं. हे बरोबर आहे, पण एकाच अटीवर: लेखकाचं लॉक फक्त बंद करतानाच घेतलं जातं. मूळ कोडच्या कमेंटमध्ये हा इशारा स्पष्ट लिहिला आहे. तुम्ही दुसऱ्या कामासाठी लेखकाचं लॉक घेऊ लागलात तर त्या काळात आलेल्या सूचना हरवतील आणि पाठवणं कधीतरीच अडेल. असा दोष शोधायला फार छळतो.

८. बंद करण्याचा क्रम

रिमूव्ह किंवा डिस्कनेक्ट लिहिताना माझा क्रम असा असतो. आधी सावरणारी यंत्रणा निकामी करा: तुमचे रीसेट वर्क आणि टायमर. मग एचसीआय_अनरजिस्टर_डेव्ह(). वाहतूक याआधी तोडू नका, कारण अनरजिस्टरच्या आतून उपकरण बंद केलं जातं आणि तेव्हा चिपशी बोलायची गरज पडू शकते. यूआरबी मारणं, इंटरप्ट बंद करणं हे क्लोजमध्ये. सगळ्यात शेवटी एचसीआय_फ्री_डेव्ह().

पहिली पायरी गाळली तर काय होतं, ते सीव्हीई-२०२३-१९८९ मध्ये दिसलं. एसडीआयओच्या (एसडी कार्डच्या बसवर चालणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये पाठवणं एका वर्कमधून चालायचं, आणि रिमूव्ह ते वर्क संपायची वाट न पाहता एचडेव्ह मोकळं करायचं. रांगेत राहिलेलं वर्क नंतर उठून मोकळ्या मेमरीत शिरायचं. दुरुस्ती म्हणजे रिमूव्हमध्ये एक कॅन्सल_वर्क_सिंक().

क्रम उलटा झाला तर काय होतं, त्याचं उदाहरण सीव्हीई-२०२१-३५६४. उपकरण उघडताना इनिट फसलं की कोअर सफाई करत असे: आधी कमांड वर्क फ्लश, मग आरएक्स वर्क फ्लश. पण आरएक्स वर्क आलेलं उत्तर वाचून नवं कमांड वर्क टाकू शकतं. म्हणजे आत्ताच रिकामी केलेली रांग पुन्हा भरायची, आणि पुढे त्याच एसकेबीची दोनदा विल्हेवाट लागायची. दुरुस्तीत फक्त दोन ओळींची अदलाबदल झाली. यातून पद्धत घ्या: कागदावर बाण काढा, कोण कोणाला जागं करतं. थांबवायचं बाणाच्या मुळापासून.

बाण गोल फिरत असतील, म्हणजे टायमर वर्क टाकतो आणि वर्क टायमर पुन्हा लावतं, तर नुसतं कॅन्सल करून भागत नाही. ज्याला आधी थांबवाल त्याला दुसरा उठवेल. कर्नल ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक() आहे, त्यानंतर टायमर पुन्हा लावण्याचा प्रयत्न निमूटपणे वाया जातो. ६.१० पासून वर्कसाठी डिसेबल_वर्क_सिंक() आहे. कोअरचं अनरजिस्टरही आता तेच वापरतं. जुन्या कर्नलसाठी लिहीत असाल तर "बंद होतोय" हा फ्लॅग लॉकखाली तपासूनच वर्क टाका.

यूआरबीचंही असंच. यूएसबी_किल_यूआरबी() चालू असेपर्यंत कम्प्लीशनमधून पुन्हा सबमिट केलं तर नकार मिळतो, पण किल परतल्यावर पुढचं सबमिट यशस्वी होऊ शकतं. कायमचं बंद हवं असेल तर यूएसबी_पॉइझन_यूआरबी() वापरा. आणि सिंक प्रकारचं कुठलंही कॅन्सल करताना ते वर्क आत मागेल असं लॉक हातात धरू नका.

९. मुद्दाम मोडून बघा

चाचणीच्या कर्नलमध्ये केसॅन (मोकळ्या मेमरीचा वापर पकडणारा), लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा), ॲटॉमिक स्लीपची तपासणी आणि वर्क-टायमरसाठी डीबग ऑब्जेक्ट्स चालू करा. डेटा रेससाठी केसीसॅनचा वेगळा कर्नल बांधा. तो केसॅनसोबत एकाच बिल्डमध्ये चालत नाही.

मग घटना जोडीजोडीने भिडवा: टाइमआउट आणि उपटणं, हार्डवेअर एरर आणि पॉवर ऑफ, सस्पेंड आणि जोरात चाललेली फाइल पाठवणी, रीसेट आणि मॉड्यूल काढणं. उपटण्यासाठी हाताने डाँगल काढत बसायची गरज नाही. सिसएफएसमधल्या अनबाइंड फाइलमध्ये इंटरफेसचं नाव लिहिणारी लूप रात्रभर चालवा. हार्डवेअर एररसाठी ड्रायव्हरमध्ये तात्पुरती डीबगएफएस फाइल ठेवा, जी लिहिल्यावर एचसीआय_रीसेट_डेव्ह() बोलावते. फक्त कोअरचा रस्ता तपासायचा असेल तर व्हीएचसीआय हा आभासी ड्रायव्हर आहे; वापरकर्त्याचा प्रोग्रामच कंट्रोलर बनतो आणि ०४ १० ०१ ०० लिहून हवा तेव्हा एरर देऊ शकतो. मात्र इनिटच्या कमांडना उत्तरं देण्याचं कामही मग त्या प्रोग्रामचंच.

संशयित फट काही मायक्रोसेकंदांची असेल तर ती रुंद करा. झोपता येणाऱ्या संदर्भात तपासणी आणि कृती यांच्यामध्ये एमस्लीप(५००) टाका आणि दुसरी घटना तेवढ्यात घडवा. महिन्यातून एकदा दिसणारा क्रॅश अशाने बहुतेकदा पहिल्या काही फेऱ्यांतच समोर येतो. दुरुस्तीनंतर तोच एमस्लीप तसाच ठेवून पुन्हा चालवा आणि मगच काढा; नाहीतर फट बुजली की नुसती हलली ते कळणार नाही.

केसॅनचा रिपोर्ट आला की बहुतेकांची नजर वरच्या, म्हणजे मेमरी वापरणाऱ्या स्टॅकवर जाते. तिथे बहुधा एखादं निरागस वर्क दिसतं. मेमरी कोणी मोकळी केली तो स्टॅक आधी वाचा. त्याच्याही खाली कधीकधी "संबंधित असू शकणारं शेवटचं वर्क कुठे तयार झालं" अशा मथळ्याचा स्टॅक असतो. ते वर्क रांगेत कोणी टाकलं ते तिथे कळतं. मोकळं करणारा आणि रांगेत टाकणारा, या दोन स्टॅकमधली नावं तुमच्या नकाशावर शोधा. त्यांच्यामध्ये लॉक, संदर्भ किंवा कॅन्सल यांपैकी काहीच सापडलं नाही, तर पॅच नेमका तिथे बसतो.